झोताचा वेग सांगण्याआधी अंतर विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे : 'पुण्यात एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी जीआरएस १९१५+१०५ या सूक्ष्म-क्वेसारचे (जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढून विरुद्ध दिशांना झोत फेकणाऱ्या कृष्णविवराचे) झोत घेतले आहेत. त्यांचा वेग कुठे प्रकाशाच्या ०.९२ पट दिलाय, कुठे ०.८ पट, कुठे त्याहूनही कमी. बरोबर कोणता? आणि खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण एवढी जवळ असताना आपण तो स्वतः मोजू शकतो का?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे : ज्या अर्थाने तुम्ही विचारताय त्या अर्थाने, नाही. पण जीएमआरटीवर करण्यासारखं दुसरं बरंच काही आहे, त्याकडे पुढे येऊ. पहिल्या प्रश्नात मात्र खरी मेख आहे. वेगाचे ते सगळे आकडे आपापल्या गृहीतकांसह बरोबर आहेत. फरक मोजमापात कमी आणि अंतरात जास्त आहे.

मोजलं काय जातं ते पाहा. १५ ऑगस्ट १९९२ रोजी ग्रॅनॅट उपग्रहावरच्या वॉच उपकरणाला हा क्ष-किरण स्रोत सापडला. १९९४च्या मार्च-एप्रिलमध्ये फेलिक्स मिराबेल आणि लुईस रॉड्रिगेझ यांनी अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीने पाहिलं, तर मध्यापासून दोन रेडिओ गोळे विरुद्ध दिशांना सरकत होते. एक दिवसाला १७.६ मिलिविकला (मिलिविकला म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाचा हजारावा भाग), दुसरा ९.० मिलिविकला. आकाशातलं हे कोनीय सरकणं म्हणजे निजगती. ही झाली निरीक्षणाची मिळकत, बाकी सगळा हिशेब.

दोन्ही गोळे एकाच वेळी, एकाच वेगाने, नेमक्या विरुद्ध दिशांना सुटले असं मानलं तर दोन समीकरणं मिळतात. जवळ येणाऱ्याच्या निजगतीला नि१, दूर जाणाऱ्याच्या निजगतीला नि२ म्हणा. 'वे' म्हणजे प्रकाशवेगाच्या तुलनेत झोताचा वेग, थीटा म्हणजे झोत आणि आपली दृष्टिरेषा यांतला कोन.

वे × कॉस थीटा = (नि१ − नि२) ÷ (नि१ + नि२)

टॅन थीटा = (२ × अंतर ÷ प्रकाशवेग) × (नि१ × नि२) ÷ (नि१ − नि२)

पहिल्या समीकरणात अंतर नाही. ८.६ भागिले २६.६, म्हणजे ०.३२३. हा आकडा कोणीही काढला तरी तोच येणार. दुसऱ्यात मात्र अंतर थेट गुणाकारात बसलंय. हिशेबाला एक सोय लक्षात ठेवा : १ किलोपार्सेक (सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं) अंतरावर १ मिलिविकला म्हणजे बरोबर १ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर), आणि प्रकाश दिवसाला १७३.१४ खगोलीय एककं जातो. मग मीटर-सेकंदांच्या जंजाळात शिरावंच लागत नाही.

१९९४ साली अंतर १२.५ किलोपार्सेक धरलं होतं. (१७.६ × ९.०) ÷ ८.६ = १८.४. त्याला १२.५ने आणि २ने गुणून १७३.१४ने भागलं की टॅन थीटा २.६६ येतो, म्हणजे कोन साधारण ६९.४ अंश. त्याचा कॉस ०.३५२. ०.३२३ भागिले ०.३५२ = ०.९२. हाच तो पाठ्यपुस्तकातला ०.९२.

आता आकडे तेच ठेवा आणि फक्त अंतर बदला. रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने मोजलेल्या पराशयावरून (लंबनावरून) २०१४मध्ये अंतर ८.६ किलोपार्सेक आलं, २०२३च्या सुधारित हिशेबात ९.४. अंतर ९.४ धरल्यास कोन ६३.४ अंश आणि वेग ०.७२. ८.६ धरल्यास वेग ०.६७. म्हणजे तुम्हाला दिसलेला आकड्यांचा गोंधळ बहुतांशी इथूनच येतो. गंमत अशी की आपल्या आकाशगंगेतला 'प्रकाशातीत' झोताचा पहिला दाखला म्हणून जो गाजला, तो १९९४चा गोळा ९.४ किलोपार्सेकवर ठेवला की त्याचा भासमान वेग प्रकाशवेगाच्या ०.९६ पट भरतो. प्रकाशातीत राहतच नाही! म्हणून शोधाचं मोल कमी होत नाही. पण अहवालात '१.२५ पट' लिहायचं असेल तर शेजारी '१२.५ किलोपार्सेक धरून' हे लिहिलंच पाहिजे.

१९९७च्या उद्रेकात ब्रिटनच्या मर्लिन जाळ्याने मोजलेल्या निजगती जास्त होत्या : दिवसाला २३.६ आणि १०.० मिलिविकला. त्यावरून वे × कॉस थीटा ०.४०५. वेग प्रकाशवेगापेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणजे कॉस थीटा ०.४०५पेक्षा कमी असू शकत नाही, म्हणजे अंतरालाच कमाल मर्यादा पडते : सुमारे ११.३ किलोपार्सेक. (१९९४च्या आकड्यांवरून तीच मर्यादा १३.८ येते.) थोडक्यात, जुन्या १२.५ला खरा सुरुंग लागला तो १९९७लाच.

आता या मर्यादेच्या जवळ काय होतं ते नीट बघा, कारण प्रकल्पात बहुतेकांचा पाय इथे घसरतो. १९९७चे आकडे घेऊन अंतर ८.४ धरलं तर वेग ०.७९, लॉरेंट्झ गुणक (वेगामुळे घड्याळ किती पट मंदावतं तो आकडा) १.६. ९.४ धरलं तर ०.८६ आणि २.०. १०.४ धरलं तर ०.९४ आणि २.८. ११.२ धरलं तर ०.९९५ आणि गुणक एकदम १०च्या आसपास. अंतरातली चूक दोन्ही बाजूंना सारखी असली तरी लॉरेंट्झ गुणकातली चूक एकाच बाजूला फुगत जाते. त्यामुळे 'लॉरेंट्झ गुणक २.० अधिक-उणे ०.८' असं लिहिणं चूक आहे. अंतराची संभाव्यता-वितरणातली दहा हजार मूल्यं संगणकाकडून घ्या, प्रत्येकासाठी वेग काढा, वेग १च्या पुढे जाणारी मूल्यं टाकून द्या आणि उरलेल्याचं वितरण जसंच्या तसं छापा. अनेकदा प्रामाणिक उत्तर 'गुणक १.६पेक्षा जास्त, वरची मर्यादा नाही' एवढंच निघतं. तेच लिहावं.

भासमान वेग प्रकाशापुढे कसा जातो हे समीकरणातून पटत नसेल तर दिवस मोजून पाहा. वेग ०.८६३, कोन ६२ अंश. गोळा दहा दिवसांत ८.६३ प्रकाशदिवस जातो. त्यातले आपल्याकडे ४.०५, आडवे ७.६२. दहाव्या दिवशी निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला ४.०५ दिवस कमी लागतात, म्हणून आपल्या लेखी मध्ये दहा नव्हे, ५.९५ दिवसच जातात. ७.६२ भागिले ५.९५ = १.२८. दूर जाणाऱ्या गोळ्यासाठी तेच ७.६२, पण भागिले १४.०५, म्हणजे ०.५४. एवढंच आहे ते.

तेजाचं गुणोत्तर वापरून अंतराची अडचण सुटेल का, असा विचार मनात येईल. सुटत नाही. मध्यापासून सारख्या अंतरावर असताना दोन गोळ्यांच्या तेजाचं गुणोत्तर [(१ + वे कॉस थीटा) ÷ (१ − वे कॉस थीटा)] याच्या एका घातावर अवलंबून असतं. सुटे गोळे असतील तर घात ३ अधिक वर्णपटाचा उतार (वारंवारतेनुसार तेज किती झपाट्याने घटतं), सलग झोत असेल तर २ अधिक उतार. १९९४च्या आकड्यांत उतार ०.८४ धरला तर अपेक्षित गुणोत्तर सुट्या गोळ्यांसाठी १३च्या आसपास, सलग झोतासाठी ६.७. प्रत्यक्षात आलं ८. म्हणजे वास्तव दोन्हींच्या मधलं. पण यातही वेग आणि कोन जोडीनेच येतात, सुटे होत नाहीत. ही चांगली उलटतपासणी आहे, नवी माहिती नव्हे. आणि ती करताना 'सारख्या अंतरावर' हे शब्द विसरू नका. एकाच दिवशीच्या नकाशातलं गुणोत्तर घेतलं तर चुकेल, कारण त्या दिवशी दूरचा गोळा आपल्याला तरुण वयातला दिसतो.

निजगतीतच कुठे कुठे चुका शिरतात तेही सांगून ठेवतो. पहिली, जोडी चुकीची लावणं. चार दिवसांच्या अंतराने दोन उद्रेक झाले असतील तर पहिल्यातला जवळचा गोळा आणि दुसऱ्यातला दूरचा गोळा यांची सोयरीक जमवली जाते आणि समीकरणं बिनतक्रार उत्तर देतात. दोन्ही रेषा मागे नेऊन सुटण्याची वेळ एकच येते का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरी, गाभा (झोत सुटतो ती मधली जागा) दिसत नसताना दोन गोळ्यांचा मध्य हाच गाभा मानणं. जवळचा गोळा वेगाने जातो म्हणून मध्य त्याच्याकडे सरकलेला असतो. तिसरी, वेग कायम मानणं. बाहेरच्या वायूवर आदळून गोळे मंदावतात, म्हणून दोनच निरीक्षणांवर रेषा ओढू नये. पहिल्या आठवड्यातली किमान चार हवीत. चौथी, एका निरीक्षणाच्या अवधीतच झोत बदलणं. जून २०१५मध्ये व्ही४०४ सिग्नी या कृष्णविवराच्या झोताची दिशा काही मिनिटांत बदलत होती. चार तासांच्या विदेचा (निरीक्षणाच्या नोंदींचा) एकच नकाशा काढला तर नुसता पसरट डाग आला असता, म्हणून ती विदा ७० सेकंदांच्या तुकड्यांत कापावी लागली.

अंतर पक्कं असेल तर हीच पद्धत किती नेटकी चालते याचा नमुना हवा असेल तर मॅक्सी जे१८२०+०७० हे कृष्णविवर घ्या. २०१८चा उद्रेक, पराशयावरून अंतर २.९६ किलोपार्सेक, निजगती ७७ आणि ३३. वरच्या दोन समीकरणांत घाला : कोन ६३ अंश, वेग ०.८९. हातानेच करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. प्रकल्पाचा पहिला सराव म्हणून हाच स्रोत घ्यावा असं माझं मत आहे, जीआरएस १९१५ नंतर.

आता जीएमआरटीकडे. पुण्याच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, नारायणगावाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यवर्ती चौकात, १६ इंग्रजी 'वाय'च्या आकाराच्या तीन भुजांवर. सर्वांत लांब जोडी सुमारे २५ किलोमीटर. १०५०–१४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विभेदनक्षमता (किती बारीक तपशील सुटा दिसतो) साधारण २ विकला, ५५०–८५०च्या पट्ट्यात ४, २५०–५००च्या पट्ट्यात ८. जीआरएस १९१५चे गोळे एकमेकांपासून दिवसाला २६.६ मिलिविकला लांब जातात. २ विकला व्हायला ७५ दिवस लागतील, तोवर ते विझलेले असतात. मॅक्सी जे१८२०सारख्या जवळच्या स्रोताचे गोळे १८ दिवसांत तेवढे लांब जातात, तिथे थोडी आशा आहे. पण नियमित निजगतीसाठी शेकडो-हजारो किलोमीटरची जाळीच हवीत.

मग जीएमआरटी कशासाठी? उद्रेक कमी वारंवारतेला कसा उतरतो ते बघण्यासाठी. गोळा सुटतो तेव्हा तो स्वतःच्याच रेडिओ लहरी शोषून घेतो. फुगत जातो तसा आधी उच्च वारंवारतेला पारदर्शक होतो, मग खालच्या. म्हणून खालच्या वारंवारतेचं शिखर उशिरा आणि बुटकं येतं. साध्या फुगत्या गोळ्याच्या गणितात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-वितरणाचा घात २ आणि फुगण्याचा वेग कायम धरला, तर शिखराची वेळ वारंवारतेच्या उणे ०.४३ घाताप्रमाणे आणि शिखराची उंची अधिक १.२१ घाताप्रमाणे जाते. ५ गिगाहर्ट्झवरून १.२६वर आलात की वेळ १.८ पट जास्त आणि उंची ५.३ पट कमी. १.२६ गिगाहर्ट्झवरून ६५० मेगाहर्ट्झला वेळ १.३३ पट, उंची २.२ पट कमी. ४००ला वेळ १.६४ पट, उंची चौपट कमी. वेळ सुटण्याच्या क्षणापासून मोजायची, उद्रेक 'दिसल्या'पासून नव्हे. प्रत्यक्ष उद्रेक बहुधा यापेक्षा कमी तीव्रतेने खाली येतात, कारण झोत म्हणजे एकच गोळा नसतो, मागून भर पडत राहते. हाच फरक तुमच्या प्रकल्पाचा विषय होऊ शकतो.

निरीक्षणाची वेळ कधी मागायची हे क्ष-किरणांवरून ठरतं. कठीण अवस्थेत (जास्त ऊर्जेचे क्ष-किरण प्रबळ असताना) लहानसा, सलग झोत चालू असतो. त्याचा रेडिओ वर्णपट जवळजवळ सपाट. कठीणातून मृदू अवस्थेत जाताना गोळे फेकले जातात. मृदू अवस्थेत सलग झोत बंद पडतो, रेडिओत जे उरतं ते आधी सुटलेल्या गोळ्यांचं. म्हणजे मोक्याचा काळ संक्रमणाचा, आणि तो काही दिवसांचाच असतो. त्यासाठी मॅक्सी आणि स्विफ्ट या अवकाशातल्या क्ष-किरण टेहळ्यांचे रोजचे आलेख रोज बघायचे, मृदू आणि कठीण पट्ट्यांचं गुणोत्तर स्वतः काढायचं. जीआरएस १९१५बाबत एक धोका : २०१८पासून तो क्ष-किरणांत मंदावला आहे, पण रेडिओत त्याचे उद्रेक चालू राहिले. क्ष-किरण मंद म्हणून झोत झोपलाय असं समजू नका. कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूच्या चकतीपुढे दाट वायूचा पडदा आला तरी असंच दिसतं. भारताचा खगोल-उपग्रह ॲस्ट्रोसॅट सप्टेंबर २०१५पासून कक्षेत आहे. त्याच्या जुन्या निरीक्षणांचा साठा खुला आहे आणि त्यावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाच्या विदेवरची प्रक्रिया पुण्यातच आयुका या खगोल-संशोधन केंद्रात होते. नव्या वेळेची वाट न बघता जीएमआरटीचा जुना साठा आणि ॲस्ट्रोसॅटचा साठा यांतली एकाच दिवशीची निरीक्षणं शोधणं हा एम. एस्सी.च्या मुदतीत बसणारा रस्ता आहे.

विदा हातात आली की कामाचा क्रम साधारण असा. एलटीए फाइलवर (जीएमआरटीच्या मूळ नोंदींवर) आधी लिस्टस्कॅन, मग जीव्हीफिट्स हे रूपांतराचे प्रोग्राम, मग कासा या विश्लेषण-प्रणालीमध्ये आयात. सुरुवातीला आणि शेवटी तेजाचा मानक स्रोत (३सी २८६, ३सी ४८ किंवा ३सी १४७) १०–१५ मिनिटं असायला हवा. मध्ये दर अर्ध्या तासाने कला-मानक स्रोत (लहरींची कला, म्हणजे फेज, जुळवण्यासाठीचा) ४–५ मिनिटं. साठ्यातलं निरीक्षण निवडताना हे तपासूनच घ्या, फक्त एकदाच मानक घेतलेला असेल तर दुसरं निरीक्षण शोधा. मग खराब विदा गाळणं. १०५०–१४५०च्या पट्ट्यात ११७६ आणि १२२७ मेगाहर्ट्झच्या आसपास दिशादर्शक उपग्रहांची गडबड, २५०–५००च्या पट्ट्यात ३६०–३८०च्या दरम्यान दळणवळण उपग्रहांची. तिथे स्वयंचलित गाळणीवर विसंबू नका, तो भाग सरळ टाका.

यानंतर तीन गोष्टी अशा आहेत ज्या सर्वसाधारण दीर्घिका-निरीक्षणाच्या मार्गदर्शिकेत ठळकपणे सापडत नाहीत, पण इथे निकाल बिघडवतात.

पहिली, आकाशगंगेचं प्रतल. जीआरएस १९१५ आणि सिग्नस एक्स-३ हा दुसरा झोतवाला स्रोत, दोन्ही प्रतलात आहेत, भोवती आयनित हायड्रोजनचे मोठमोठे ढग. त्यांची पसरट चमक फक्त जवळच्या अँटेना-जोड्यांना दिसते आणि नकाशात लाटा उठवते. आपला स्रोत बिंदुवत आहे, म्हणून १ किलो-तरंगलांबीपेक्षा (हजार तरंगलांब्यांपेक्षा) लहान जोड्या खुशाल टाका. लाटा उरल्याच तर मर्यादा २ किलो-तरंगलांबीवर न्या. मात्र सगळ्या तारखांना आणि शक्यतो सगळ्या वारंवारतांना हीच मर्यादा ठेवा. एका दिवशी १ आणि दुसऱ्या दिवशी ५ ठेवली तर तुम्हीच बनवलेला 'उद्रेक' सापडेल.

दुसरी, आकाशाचं तापमान. मानक स्रोत प्रतलापासून लांब, थंड आकाशात असतात. तुमचा स्रोत प्रतलात, उष्ण आकाशात. कमी वारंवारतेला हा फरक मोठा असतो. पातळी आपोआप राखणारी यंत्रणा चालू असेल तर उष्ण आकाशाकडे वळल्यावर ती लाभ कमी करते आणि स्रोत खरा आहे त्यापेक्षा मंद दिसतो. ५०० मेगाहर्ट्झच्या खाली ही दुरुस्ती केल्याशिवाय वर्णपटाचा उतार छापू नये. दुरुस्ती नसलेल्या उतारावरून 'स्व-शोषण दिसलं' असा निष्कर्ष काढणं हा या विषयातला नेहमीचा सापळा.

तिसरी, निरीक्षण चालू असतानाच स्रोत बदलणं. नकाशा बनवणारी रीत स्रोत स्थिर धरते. तीन तासांत तो दुप्पट झाला तर त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा उमटतात, आणि मग स्व-अंशांकन (स्रोताच्याच नकाशावरून विदा सुधारणं) करत बसलात तर ते तो बदल थोडाफार गिळून टाकतं. उपाय : पूर्ण विदेवरून क्षेत्रातल्या बाकीच्या स्रोतांचं प्रारूप बनवा, ते वजा करा, आणि उरलेल्या विदेत स्रोताच्या जागी ५–१० मिनिटांच्या तुकड्यांत तेज मोजा. तुकड्यांवर तीव्रतेचं स्व-अंशांकन अजिबात नको, फक्त कलेचं. सोबत त्याच क्षेत्रातले तीन-चार स्थिर स्रोत तसेच मोजा. ते हलत असतील तर दोष अंशांकनात आहे. स्थिर असतील तर त्यांच्या आधाराने तारखा-तारखांमधली चूक बरीच खाली आणता येते.

निरपेक्ष तेजात १० टक्के चूक धरा. मग १२६० आणि ६५० मेगाहर्ट्झच्या दोन बिंदूंवरून काढलेल्या उतारात ०.२ची चूक आलीच. १२६० आणि ४००वरून ०.१२. म्हणजे उतार उणे ०.६ की उणे ०.७ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सपाट की तीव्र एवढं मात्र नक्की सांगता येतं. आणि दोन पट्ट्यांची निरीक्षणं एकाच वेळची नसतील तर तेवढंही नाही. एकाच वेळी हवं असेल तर अँटेना दोन गटांत वाटता येतात, पण निम्म्या अँटेना म्हणजे गोंगाट साधारण दुप्पट. काहीशे मिलिजान्स्कीचा (हे रेडिओ तेजाचं एकक) उद्रेक असेल तर हा सौदा फायद्याचा, कठीण अवस्थेतल्या मंद झोतासाठी तोट्याचा.

न्यूट्रॉन ताऱ्यांबद्दल थोडक्यात. क्ष-किरणांत तितकेच तेजस्वी असले तरी रेडिओत ते कृष्णविवरांपेक्षा मंद असतात, म्हणून तिथे मोजमापं कमी. स्कॉर्पियस एक्स-१चे रेडिओ गोळे प्रकाशाच्या ०.३ ते ०.५७ पट वेगाने सरकताना मोजले गेले, पण एका बाजूचा गोळा उजळल्यावर गाभ्याशी वेळ जुळवली तेव्हा आतून वाहणारी ऊर्जा ०.९५पेक्षा जास्त वेगाने येत असल्याचं दिसलं. चाकणला तुंबलेली वाहनांची रांग एका वेगाने सरकते आणि मोकळ्या रस्त्यावरून येऊन तिला मिळणारी गाडी दुसऱ्याच वेगाने येते, तसं हे. गोळ्याचा वेग म्हणजे झोताचा वेग असं डोळे झाकून धरू नये. २०२४मध्ये ४यू १७२८−३४ या न्यूट्रॉन ताऱ्याच्या बाबतीत वेगळीच युक्ती वापरली गेली : ताऱ्याच्या पृष्ठभागावर औष्णिक-अणुस्फोट झाला की क्ष-किरणांत लखलखाट होतो आणि काही मिनिटांनी रेडिओत झोत उजळतो. त्या उशिरावरून वेग आला ०.३८. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावरचा मुक्तिवेग प्रकाशाच्या निम्म्याच्या आसपास असतो, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. श्वेत बटूंचे झोत सेकंदाला शेकडो ते काही हजार किलोमीटरचेच, तेही त्यांच्या मुक्तिवेगाच्या आवाक्यातले.

शेवटी एक पर्याय. रेडिओची विदा मिळेपर्यंत स्वतःच्या हाताने झोताचा वेग काढायचा असेल तर एसएस ४३३ हा झोत फेकणारा जोडतारा घ्या. गरुड तारकासमूहात, व्ही पट्ट्यात सुमारे १४ प्रतीचा, तांबड्यात बराच जास्त तेजस्वी. पुण्याहून तो ७६ अंश उंचीपर्यंत येतो. अडचण एकच, मध्यरात्री तो डोक्यावर येतो तो जुलैत, आणि जुलैत पुण्याचं आकाश कसं असतं ते सांगायला नको. एप्रिल-मेची पहाट किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरची संध्याकाळ धरा. त्याच्या वर्णपटात हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा तीनदा दिसते : एक जागच्या जागी, प्रचंड ठळक, आणि दोन सरकणाऱ्या, प्रत्येक झोताची एक. झोत १६२.५ दिवसांत भोवऱ्यासारखा एक फेरा घेतो, म्हणून त्या रेषा साधारण ५८९पासून ७७० नॅनोमीटरपर्यंत येजा करतात, दिवसाला जास्तीत जास्त २.३ नॅनोमीटर. विभेदन ५०० असलेला साधा वर्णपटलेखक पुरतो.

चकवे ठरलेले आहेत. ६८७ आणि ७६०ला आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनच्या पट्ट्या, ६६७.८ आणि ७०६.५ला हीलियम, आणि ५८९ला सोडियम, जे रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांतूनही येतं. म्हणून शेजारच्या एखाद्या साध्या ताऱ्याचा वर्णपट त्याच रात्री, त्याच उंचीवर घ्या. त्यात जे दिसेल ते झोताचं नव्हे. ठळक रेषेने कॅमेरा संपृक्त होऊ देऊ नका. लहान उद्भासनं घेऊन बेरीज करा. एका रात्रीच्या वर्णपटावर निकाल देऊ नका, तीन-चार दिवसांनी परत घ्या. सरकली ती झोताची.

दोन्ही सरकत्या रेषांची ताम्रसृती (तरंगलांबीतला बदल भागिले मूळ तरंगलांबी) काढा, चिन्हासकट. त्यांची सरासरी म्हणजेच लॉरेंट्झ गुणक उणे १, कारण कोनाचा भाग एकमेकांत कटतो आणि फक्त झोतातलं घड्याळ मंदावल्याचा परिणाम उरतो. दोन रेषा ज्या दिवशी एकमेकींना ओलांडतात त्या दिवशी त्या ६५६.३ला नव्हे तर ६७९.७ला भेटतात. हाच तो परिणाम उघड्या डोळ्यांनी. सरासरी ०.०३५६ आली तर गुणक १.०३५६, वेग ०.२६, म्हणजे सेकंदाला सुमारे ७८ हजार किलोमीटर. रेषांच्या सरासरी जागेत १.९ नॅनोमीटर चूक झाली तर वेगात ०.०१ची चूक येते, तेव्हा तरंगलांबीचं अंशांकन अर्ध्या नॅनोमीटरपर्यंत आणा. इथे अंतर कुठेही लागलं नाही. उलट, हा वेग हातात धरून रेडिओ नकाशातल्या झोताच्या मळसूत्राचा आकार जुळवला की अंतरच बाहेर पडतं : ५.५ किलोपार्सेक.